चिमणीच्या आतली चिमणी

प्रस्तावना

उत्तर अमेरिकेत जुने घर विकत घेताना आपली मंडळी स्वयंपाकघर बघतात, बेसमेंटमध्ये ओल येते का ते विचारतात, शाळा कोणती लागते आणि देव्हारा कुठे ठेवता येईल याची चर्चा करतात. छपराचे वय विचारणारेही असतात. चिमणीबद्दल मात्र सहसा कोणी काही विचारत नाही. विटांची आहे, उभी आहे, फोटोत छान दिसते, एवढ्यावर तिचा विषय संपतो. होम इन्स्पेक्टर खालून बॅटरी मारतो, वर टोपी आहे ना ते बघतो आणि ‘चिमणीची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी’ असे एक वाक्य अहवालात लिहून मोकळा होतो. भल्यामोठ्या अहवालातले ते वाक्य वाचायचे राहून जाते.

ही पुस्तिका त्या एका वाक्याबद्दल आहे. विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल : चिमणीच्या आत बसवायचे लायनर, म्हणजे धूर वाहून नेणारी नळी. पण न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय किंवा ऑन्टारियोतल्या जुन्या घरांत हिवाळ्याचे पाच-सहा महिने रात्रंदिवस काहीतरी जळत असते. त्या जळण्यातून निघणारे वायू आणि वरच्या मजल्यावर झोपलेली माणसे यांच्यामध्ये खरा आडपडदा असतो तो या नळीचाच. बाहेरून दिसणारा विटांचा खांब हे तिचे कवच. कवच शाबूत आहे म्हणून नळी शाबूत असेल असे समजणे ही या विषयातली सर्वांत महागात पडणारी समजूत आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण चिमणी नसलेल्या घरांत गेले. चुलीचा धूर कौलांतून निघून जाई. शहरात तर गॅस आला आणि धुराचाच प्रश्न मिटला. तरीही ज्यांनी तांब्याचा बंब पाहिला आहे त्यांना चिमणी समजायला वेळ लागू नये. बंबाच्या मधोमध नळी, खाली निखारे, भोवती पाणी. नळी काजळीने भरली की धूर खालच्या तोंडातून मोरीत येई आणि घरातले कोणीतरी डोळे चोळत ती मोकळी करी. इथल्या घराचा बंब बेसमेंटमध्ये असतो आणि त्याची नळी दोन-तीन मजले चढून छपराबाहेर जाते. ती तुंबली तर डोळे चुरचुरतीलच असे मात्र नाही. गॅसच्या जळण्यातून येणाऱ्या विषाला ना रंग असतो ना वास.

चिमणीचे सारे काम ओढीवर चालते. तापलेला वायू हलका होऊन वर चढतो आणि त्याच्या जागी खालून हवा ओढली जाते. ही ओढ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : चिमणीची उंची, आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक. उंचीसाठी अमेरिकेत साधा नियम आहे. चिमणी छपराला छेदून जिथे वर येते तिथून ती किमान ३ फूट उंच हवी, आणि १० फुटांच्या आत छपराचा जो भाग येत असेल त्याहून किमान २ फूट उंच हवी. उंची एकदा बांधली की बदलत नाही. तापमानाचे तसे नाही. वायू वरपर्यंत गरम राहिला तर ओढ टिकते. वाटेत थंड झाला तर ओढ मंदावते आणि वायूतली वाफ, डांबरी अंश व आम्ले नळीच्या भिंतीवर जमू लागतात. चिमणीचे बहुतेक आजार या थंडाव्यापासून सुरू होतात. लायनर बसवण्याचे शास्त्र म्हणजे मुख्यतः हा थंडावा टाळण्याचे शास्त्र आहे.

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमधल्या जुन्या चिमण्यांना आतून चुना आणि गाईचे शेण कालवून गिलावा करत. शेणाने सारवलेली घरे पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. पण दगडी कोळशाच्या धुरात गंधक असते. त्याचे आम्ल हा गिलावा वर्षानुवर्षे खात राहते, मग विटांच्या सांध्यांतला चुना खाते आणि धूर शेजारच्या खोलीत झिरपू लागतो. अशा धूरमार्गांची रुंदी अनेकदा १४ इंच बाय ९ इंच, कुठे त्याहूनही कमी. तिथली काजळी खरवडायला लहान मुले चढवली जात. पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ मध्ये या कामगारांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. व्यवसायामुळे कर्करोग होतो हे दाखवणारे ते पहिले काम मानले जाते. तरी मुले चढतच राहिली. १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा केंब्रिजजवळ फुलबर्न इथल्या रुग्णालयाच्या चिमणीत अडकून मेला, आणि त्याच वर्षीच्या कायद्यानंतर ही प्रथा संपली. चिमणी आतून कशी आहे हे जाणणारे लोक शंभर वर्षे ही मुले होती, आणि त्यांना विचारत कोणी नव्हते.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भाजलेल्या मातीच्या नळ्यांचे अस्तर रूढ झाले. साधारण २ फूट लांबीच्या नळ्या एकावर एक रचायच्या, सांध्यांत मसाला भरायचा आणि भोवती विटांचे बांधकाम करायचे. ही पद्धत चांगली आहे आणि नीट बांधलेले अस्तर पन्नास वर्षेही टिकते. मात्र त्याआधीच्या असंख्य घरांत नुसत्याच विटा होत्या. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने चिमण्यांच्या चाचण्या घेतल्या. अस्तर नसलेल्या चिमणीच्या विटांतून उष्णता इतक्या वेगाने बाहेर आली की लगतच्या लाकडाने साडेतीन तासांत पेट घेतला.

या आकड्याचे गांभीर्य कळायला इथली घरे कशी असतात ते लक्षात घ्यावे लागते. बाहेरून विटांचे दिसणारे घरही आतून बहुधा लाकडी सांगाड्याचे असते. म्हणून चिमणी घराच्या आत असेल तर तिच्या आणि लाकडाच्या मध्ये २ इंच, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर १ इंच मोकळी जागा सोडावी असा आजचा नियम आहे. जुन्या सुतारांनी तो पाळला असेलच असे नाही. कित्येक घरांत तुळया थेट विटांना टेकलेल्या सापडतात. त्यातही एक गोम आहे. ताजे लाकूड साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसला पेटते. पण वर्षानुवर्षे रोज थोडे थोडे भाजत राहिलेले लाकूड त्याहून बऱ्याच कमी तापमानाला पेटू शकते. ‘तीस वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच इथे उलटा लागू पडतो.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत लाकडाच्या स्टोव्हची लाट आली. तेल परवडेना म्हणून लोकांनी जुन्या फायरप्लेसमध्ये लोखंडी स्टोव्ह सरकवले आणि त्यांचा धूर तसाच भल्या रुंद चिमणीत सोडून दिला. उघड्या फायरप्लेसमधून खोलीतली पुष्कळ हवा धुराबरोबर वर जाते. बंद दाराच्या स्टोव्हमधून थोडा, संथ आणि दाट धूर निघतो. तो रुंद चिमणीत पसरतो आणि थंड होतो. धूरमार्गाचे तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की धुरातले डांबरी द्रव्य भिंतीवर धरू लागते. त्याला क्रिओसोट म्हणतात. आधी ते भुरभुरीत काजळीसारखे असते आणि ब्रशने निघते. मग त्याच्या चकचकीत काळ्या खपल्या होतात. शेवटी काचेसारखा गुळगुळीत थर बसतो, आणि त्यापुढे साधा ब्रश चालत नाही. हा थर म्हणजे जळाऊ इंधनच. एखाद्या रात्री स्टोव्ह जोरात पेटवला की चिमणी आतून पेटते, तापमान ११०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते आणि मातीच्या नळ्या तडकतात. काही वेळा रेल्वे जावी तसा आवाज येतो. काही वेळा आग चुपचाप जळून विझते आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. तडकलेल्या नळीवर पुढचा हिवाळा निघतो, आणि दुसरी आग तुळईपर्यंत पोचते.

या अनुभवातून आजचे नियम घडले. एनएफपीए २११ हे अमेरिकेतले चिमण्यांचे प्रमुख मानक. त्यानुसार प्रत्येक चिमणीची दरवर्षी तपासणी व्हायला हवी. तपासणीचे तीन स्तर आहेत. पहिल्यात सहज दिसेल तेवढे पाहतात. दुसऱ्यात धूरमार्गात कॅमेरा घालून सगळी लांबी तपासतात. तिसऱ्यात गरज पडेल तसे बांधकाम उघडतात. दुसरा स्तर कधी लागतो हे प्रत्येक घरमालकाने पाठ करून ठेवावे : घराची विक्री होताना, चिमणीला जोडलेले उपकरण बदलताना, आणि चिमणीत आग लागल्यावर किंवा तिला इजा होईल असे काही घडल्यावर. आपली माणसे यांतल्या पहिल्या दोन प्रसंगांतून हमखास जातात आणि दोन्ही वेळा ही तपासणी राहून जाते.

आतापर्यंत लाकडाबद्दल लिहिले, पण आपल्या बहुसंख्य वाचकांच्या घरी जळतो तो गॅस. गॅस स्वच्छ जळतो हे खरे. म्हणूनच तो फसवतो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. १ किलो मिथेन जळले की सव्वादोन किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते. घर गरम करणारी फर्नेस हिवाळ्यात दिवसाकाठी बादलीने पाणी चिमणीत सोडत असते. जुन्या फर्नेसमध्ये इंधनाची उष्णता इतकी वाया जाई की चिमणी खालपासून वरपर्यंत तापलेली राही आणि वाफ बाहेर निघून जाई. फर्नेसची ती उधळपट्टीच चिमणीला कोरडी ठेवत होती.

अमेरिकेत १९९२ पासून नव्या गॅस फर्नेससाठी किमान ७८ टक्के कार्यक्षमतेची अट आली. आता ९० टक्क्यांवरच्या फर्नेस सर्रास बसतात. त्यांचा धूर इतका थंड असतो की तो चिमणीत न नेता प्लॅस्टिकच्या नळीने भिंतीतून बाहेर काढतात. बिल कमी होते, कंत्राटदार निघून जातो, सगळे खूश. पण त्याच बेसमेंटमध्ये गॅसचा वॉटर हीटर असतो, आणि तो अजून जुन्या चिमणीलाच जोडलेला असतो. या व्यवसायात अशा हीटरला ‘ऑर्फन्ड’, म्हणजे अनाथ, म्हणतात. आजवर फर्नेसच्या सोबतीने त्याचा धूर वर जात होता. आता एवढी मोठी चिमणी त्याला एकट्याला तापवायची आहे. हिशेब साधा आहे. ४ इंची नळीचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस इंच. चिमणीचा आतला मोकळा भाग १० इंच बाय १० इंच धरला तर १०० चौरस इंच, म्हणजे आठपट. त्यातून चिमणी बाहेरच्या भिंतीवर असेल आणि तीन बाजूंनी जानेवारीची हवा लागत असेल तर हीटरचा धूर अर्ध्या वाटेतच गार होतो.

मग चिमणीच्या आत पाणी सुटते. ते शुद्ध नसते, आम्लयुक्त असते. बेसमेंटमध्ये शेजारीच कपडे धुवायचे मशीन आणि ब्लीचची बाटली असेल तर हवेतले क्लोरीनचे अंशही ज्वाळेत जाऊन आम्लात भर घालतात. सांध्यांतला मसाला विरघळतो. बाहेरच्या विटांवर पांढरी भुकटी फुलते. वरच्या खोलीत चिमणीलगतच्या भिंतीवर पिवळट डाग उमटतो आणि लोक छप्पर गळते म्हणून छपरावाल्याला बोलावतात. मातीच्या नळ्यांचे पापुद्रे सुटून तळाशी साचतात आणि एक दिवस हीटरचा पाईप चिमणीत शिरतो त्या तोंडापर्यंत ढीग पोचतो. त्याच वेळी वर स्वयंपाकघरात फोडणीसाठी लावलेला ताकदवान एक्झॉस्ट फॅन आणि खाली ड्रायर, दोघे मिळून घरातली हवा बाहेर फेकत असतील तर चिमणीची ओढ उलटते. धूर वर जायचा तो खाली येतो.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल आपल्याकडे अज्ञान नाही. पुण्या-मुंबईत बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे गेलेल्या जिवांच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. आधी डोके दुखते, मळमळते, थकवा येतो. फ्लू झाला असेल म्हणून माणूस झोपायला जातो. अमेरिकेत आगीशी संबंध नसलेल्या अपघाती कार्बन मोनॉक्साइड विषबाधेने दरवर्षी चारशेहून अधिक माणसे दगावतात. ऑन्टारियोत वुडस्टॉक इथे २००८ मध्ये प्रांतिक पोलीस दलातली एक महिला, तिचा नवरा आणि दोन मुले अशीच गेली. गॅस फायरप्लेसचा धूर बाहेर नेणारा मार्ग तुंबलेला होता आणि घरात अलार्म नव्हता. २०१३ मध्ये ऑन्टारियोत याविषयी कायदा झाला. त्या कुटुंबाच्या आडनावांवरून तो हॉकिन्स-गिग्नॅक कायदा म्हणून ओळखला जातो.

अलार्म प्रत्येक घरात, झोपायच्या खोल्यांजवळ हवाच. पण त्याची मर्यादाही माहीत हवी. अमेरिकन मानकानुसार हवेच्या दशलक्ष भागांत ७० भाग कार्बन मोनॉक्साइड असेल तर अलार्म एक ते चार तासांच्या दरम्यान वाजावा लागतो, आणि ३० भागांना तो महिनाभर वाजू नये अशीच त्याची रचना असते. म्हणजे रोज थोडा थोडा धूर खाणाऱ्या घरात अलार्म गप्पच राहील. दोष चिमणीत असेल तर तो चिमणीतच दुरुस्त करायला हवा.

दुरुस्तीचे मार्ग मुख्यतः तीन. तडकलेल्या मातीच्या नळ्या काढून नव्या घालता येतात, पण त्यासाठी बांधकाम फोडावे लागते. चिमणीत फुगा सोडून त्याभोवती खास काँक्रीट ओतता येते. त्याने जुन्या विटांनाही बळ मिळते. तिसरा आणि आज सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग स्टेनलेस स्टीलच्या नळीचा. इथे धातूची निवड इंधनावर ठरते. लाकूड आणि तेलासाठी बहुधा ३१६ जातीचे स्टेनलेस घेतात. ॲल्युमिनियमचे लायनर स्वस्त असते. ते फक्त नैसर्गिक ओढीवर चालणाऱ्या साध्या गॅस उपकरणांना चालते. लाकडाच्या स्टोव्हला ते लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. खरेदी करताना अमेरिकेत यूएल १७७७ आणि कॅनडात यूएलसी एस६३५ या मानकाचा शिक्का पाहावा.

धातूइतकेच महत्त्व मापाला आहे. ‘मोठी नळी म्हणजे जास्त सुरक्षित’ ही आपली सहजबुद्धी इथे चुकते. लाकडाच्या स्टोव्हसाठी नियम असा : लायनरचे क्षेत्रफळ स्टोव्हच्या तोंडापेक्षा कमी नको आणि त्याच्या तिपटीहून जास्त नको, चिमणीला बाहेरची हवा लागत असेल तर दुपटीहून जास्त नको. ६ इंची तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच. म्हणजे बाहेरच्या भिंतीवरच्या चिमणीत ५६ चौरस इंचांच्या वर जाता येत नाही. जुन्या फायरप्लेसच्या धूरमार्गांची मापे याहून बरीच मोठी असतात. म्हणूनच स्टोव्ह बसवताना स्टोव्हच्या तोंडापासून थेट वरच्या टोपीपर्यंत अखंड लायनर घालणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

प्रत्यक्ष काम कसे होते ते पुस्तिकेत सविस्तर आहे. इथे फक्त त्याची ओळख. आधी चिमणी ब्रशने पूर्ण साफ होते, कारण जुना क्रिओसोट आत ठेवून लायनर घालणे म्हणजे इंधन भिंतीत चिणणे. मग कॅमेरा सोडतात. पडद्यावर मातीच्या नळ्या एकामागून एक सरकत जातात. सांध्यात मसाला गेला असेल तर काळी फट दिसते, तडा असेल तर उभी रेघ. आतली जागा मोजतात. नळी आणि तिच्याभोवतीचे अस्तर दोन्ही मावणार नसतील तर फिरत्या अवजाराने मातीच्या नळ्या फोडून काढाव्या लागतात.

नंतर अंगणात लायनर उलगडतात. लवचिक स्टेनलेसची ही नळी अगदी पातळ पत्र्याची असते. अनेक प्रकारांत पत्र्याची जाडी इंचाच्या पाच-सहा सहस्रांशांएवढीच. तिच्यावर अर्धा इंच जाडीचे सिरॅमिक तंतूंचे, फॉइल लावलेले ब्लँकेट गुंडाळतात, चिकटपट्टीने बांधतात आणि वरून स्टीलची जाळी चढवतात, म्हणजे विटांच्या कडांनी ते फाटत नाही. या ब्लँकेटची दोन कामे आहेत. ते धूर गरम ठेवते, आणि लाकडाला टेकलेल्या जुन्या विटांपर्यंत आगीची धग पोचू देत नाही. खर्च वाचवायला सर्वांत आधी हेच गाळले जाते, म्हणून याबद्दल आवर्जून विचारावे. नळीवरचा बाण वरच्या दिशेला आहे ना हे तपासून तिच्या खालच्या टोकाला शंकू बसवतात, त्याला दोरी बांधतात आणि ती दोरी चिमणीतून खाली सोडतात. छपरावरचा माणूस नळी हाताने भरवत जातो, खालचा दोरी ओढतो. चिमणीला मध्ये वाकण असेल तर खरी कसोटी तिथे. जोर लावला तर नळी चेपते किंवा शिवण उसवते, आणि वरून काहीच दिसत नाही. खाली टी-आकाराचा जोड बसतो. त्याचा एक फाटा स्टोव्हकडे किंवा हीटरकडे जातो आणि तळाचे झाकण राख काढण्यासाठी उघडता येते. वर पत्र्याची पाटी सीलंटने चिकटवतात, नळी तिच्यात अडकवतात आणि पाऊस-पक्षी रोखणारी टोपी घालतात. शेवटी पुन्हा कॅमेरा, आणि मग उपकरण पेटवून ओढीची चाचणी. लायनरबरोबर येणारी पाटी स्टोव्हजवळ दिसेल अशी लावतात. नळीची जात, माप आणि मानक तिच्यावर असते. दहा वर्षांनी येणाऱ्या माणसाला तेवढाच आधार.

हे काम स्वतः करावे का, असे आपले हौशी इंजिनीअर विचारतात. सरळ, बुटकी चिमणी आणि स्थानिक परवाना असेल तर करणारे करतात. पण तीव्र उताराचे छप्पर, चिमणीतले वाकण किंवा जुना ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पाईप यांपैकी काहीही असेल तर हात लावू नये. ॲस्बेस्टॉसचा पाईप फोडणे म्हणजे घरभर विषारी धूळ करणे. अमेरिकेत सीएसआयए आणि कॅनडात वेट यांची प्रमाणपत्रे असलेले कारागीर शोधता येतात. कॅनडात लाकडाचा स्टोव्ह असेल तर विमा कंपनी बहुधा वेट तपासणीचा अहवाल मागतेच.

या व्यवसायात भामटेही आहेत हे लपवण्यात अर्थ नाही. स्वस्तात चिमणी साफ करून देतो म्हणून यायचे आणि ‘आजच्या आज लायनर घाला, नाही तर घर जळेल’ म्हणून काही हजार डॉलर उकळायचे, हा त्यांचा ठरलेला धंदा. त्यावर उपाय सोपा आहे. तुमच्याच चिमणीची कॅमेऱ्याने घेतलेली चित्रे मागा, दोष कुठे आहे ते लेखी घ्या आणि दुसऱ्याचे मत घ्या. खरा दोष दुसऱ्या माणसालाही त्याच जागी दिसतो. घाबरवणारा घाई करतो. जाणकार कागद देतो.

पुस्तिकेचे चार भाग आहेत. पहिल्यात ओढ, आम्ल आणि क्रिओसोट यांचे शास्त्र. दुसऱ्यात घरमालकाला स्वतः ओळखता येतील अशी लक्षणे. तिसऱ्यात लायनरची निवड, माप आणि बसवण्याची पद्धत. चौथ्यात कंत्राटदाराला विचारायचे प्रश्न, परवाना आणि विमा. ज्यांच्या घरी फक्त गॅस आहे त्यांनी क्रिओसोटचे प्रकरण वगळले तरी चालेल. वॉटर हीटरचे प्रकरण मात्र कोणीही वगळू नये. मानके आणि स्थानिक नियम बदलत असतात. पुस्तिकेतला आकडा आणि तुमच्या नगरपालिकेचा नियम यांत फरक आढळला तर नगरपालिकेचाच नियम धरावा, आणि उपकरणाबरोबर आलेल्या माहितीपत्रकाला दोहोंइतकाच मान द्यावा.

सगळ्या प्रकरणांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे, कारण तीच सर्वाधिक विसरली जाते : जळणारे उपकरण आणि चिमणी मिळून एकच यंत्र होते. स्टोव्ह बदला, फर्नेस बदला, तेलावरून गॅसवर या, यांपैकी काहीही केले तरी चिमणीचे गणित नव्याने मांडावे लागते. तेव्हा पुढच्या वेळी फर्नेसच्या करारावर सही करण्याआधी एवढेच लेखी मागा : ‘वॉटर हीटरचा धूर यापुढे कुठून जाणार, आणि त्या मार्गाचे माप कोणी तपासले?’ उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. आणि घरात लाकूड जळत असेल तर कॅमेऱ्याची तपासणी दिवाळीनंतर नको, उन्हाळ्यातच करून घ्या. थंडी सुरू झाली की चांगला कारागीर आठवडेच्या आठवडे मिळत नाही.